चुना, चिरा आणि गवंड्याचा हात

जुन्या गोव्यातील बॉं जेझूस बासिलिकेचे बांधकाम 1594 साली सुरू झाले आणि 1605 साली तिचा अभिषेक झाला. तिच्या दर्शनी भागावरील काळा, नक्षीदार दगड आपल्या वसईच्या बाजूने समुद्रमार्गे नेला गेला. वसईकरांना याचा अभिमान वाटावा हे साहजिकच आहे. परंतु बाकीच्या भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे चिऱ्याच्या आहेत, आणि साडेतीनशे वर्षे त्या चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेल्या होत्या. आज जी तांबूस, उघड्या दगडांची बासिलिका आपण पाहतो, ती बांधणाऱ्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

हा गिलावा 1950 च्या दशकात उतरवला गेला. ते काम बाल्ताझार द कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले. त्या काळात पोर्तुगालमध्ये राष्ट्रीय स्मारकांवरील नंतरचे सगळे थर खरवडून त्यांना ‘मूळ’ रूप देण्याची सरकारी रीत पडली होती. उघडा दगड म्हणजे प्राचीनता, असा एक समज त्यामागे होता. समज देखणा होता, पण चिऱ्याचा स्वभाव त्याला ठाऊक नव्हता. चिरा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येतो, हवेवर तो घट्ट होतो, आणि पावसाचे पाणी मात्र आयुष्यभर पितच राहतो. कोकणातला आणि गोव्यातला शेकडो इंचांच्या हिशेबात मोजावा असा पाऊस दरवर्षी त्या उघड्या भिंतींवर पडतो. 2020 च्या पावसाळ्यापूर्वी बासिलिकेच्या रेक्टरांनी छपराच्या दुरुस्तीतील दिरंगाईबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली, आणि भिंतींना पुन्हा गिलावा द्यावा की नाही हा वाद नव्याने सुरू झाला. छप्पर आणि गिलावा गेल्यावर चिऱ्याचे काय होते, हे पाहण्यास जवळच्या टेकडीवर जावे. धर्मसंघांवर बंदी आल्यावर 1835 साली संत ऑगस्टीनचा मठ ओस पडला, 1842 साली चर्चची कमान कोसळली, 1931 साली दर्शनी भाग गेला. राहिला तो अर्धा मनोरा.

चर्चचे हे उदाहरण अशासाठी घेतले की तोच अपराध आपण आपल्या घरांवर करतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी. कोणी जुना गिलावा खरवडून ‘दगडाचा लुक’ आणतो, तर कोणी त्यावर सिमेंट थापतो. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो मजबूत दिसतो.

चुना हा मोठा नम्र पदार्थ आहे. चुनखडी किंवा समुद्राचे शिंपले भट्टीत सुमारे नऊशे अंशांपर्यंत भाजले की त्यांतला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उसळून फुटतो, विरतो. मग वाळू किंवा विटांची सुरखी घालून तो घाणीत मळायचा. बैल गोल फिरतो आहे, दगडी चाक चरातून चालले आहे, हे दृश्य आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिले होते. ठिकठिकाणी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा चीक मिसळत. भिंतीवर चढवल्यानंतर हा चुना हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. या प्रवासाला महिने लागतात, जाड भिंतीत वर्षेही लागतात. पुरता घट्ट झालेला चुनाही भिंतीला श्वास घेऊ देतो. जमिनीतून वर चढलेली ओल त्यातून बाहेर पडते. तडा गेला तर तो बारीक असतो, आणि पुष्कळदा चुना स्वतःच तो बुजवतो.

जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने 1824 साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे 1914 साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले. धरणे, पूल, उंच इमारती यांसाठी ते वरदान ठरले, यात शंका नाही. पण मऊ चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंटचा कठीण गिलावा म्हणजे घामाघूम माणसाला घातलेला रबरी अंगरखा. ओल आतच कोंडते, क्षार दगडाच्या पोटात स्फटिकरूप धरतात, दगडाचा भुसा होतो, आणि एके दिवशी तो कठीण गिलावा दगडाची सालपटे सोबत घेऊनच खाली येतो. घरमालक म्हणतो, “भिंतच जुनी झाली.” मग घर पाडण्याची भाषा सुरू होते.

हे दुःख आपले एकट्याचे नाही. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने 1877 साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. ट्यूक्सबरीच्या मठमंदिराचा ‘जीर्णोद्धार’ होणार हे ऐकून तो पेटला होता. भिंती खरवडण्यास तिचा विरोध, म्हणून लोक तिला गमतीने ‘खरवड-विरोधी’ मंडळी म्हणत. जुन्याला नवे करू नका, त्याची वेळच्या वेळी दुरुस्ती करीत राहा, एवढेच तिचे म्हणणे होते. आपल्या घरोघरच्या बायका दर पावसाळ्यानंतर ओटा सारवीत आणि भिंतींना चुना लावीत, त्यांना हे सांगायला मॉरिसची गरज नव्हती.

जाणता गवंडी घरात शिरला की आधी भिंतीला हात लावत नाही. तो वर पाहतो. कोणते कौल सरकले आहे, पन्हळ कुठे गळते, वासा भिंतीत शिरतो तिथे कुजला आहे काय, हे तो पाहतो. मग घराभोवती फिरून जोत्यापाशी पाणी साचते का ते बघतो. कुजलेल्या वाशाचे तेवढेच टोक कापून सुतार नवा सांधा जोडतो, सबंध आढे बदलत नाही. असा माणूस आज शोधून सापडावा लागतो. घाण्या बंद पडल्या, मुले इतर धंद्यांत गेली, आणि कंत्राटदाराला महिनाभर थांबणारा चुना परवडत नाही. ज्ञान बोटांत असते, ते वहीत उतरत नाही.

गोव्यात आणखी एक अडचण आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसाहक्क दिला. तत्त्व न्याय्यच आहे, आणि आपल्या इतर समाजांनी त्याचा हेवा करावा असे आहे. परंतु तीन पिढ्यांनंतर एका घराचे तीस-चाळीस धनी होतात. कोणी लिस्बनला, कोणी लंडनला, कोणी मुंबईला. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत गळके छप्पर थांबत नाही. मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीत निराळीच गत आहे. तेथे लाकडी जिन्यांची ईस्ट इंडियन घरे एकेक करून कमी होत गेली, कारण घरापेक्षा खालची जमीन महाग झाली.

ज्यांचे चिऱ्याचे घर अजून उभे आहे आणि या वर्षी दुरुस्तीचा विचार आहे, त्यांनी प्रथम छप्पर शाकारून घ्यावे. सिमेंटचा गिलावा असेल तर तो हलक्या हाताने काढवून भिंत सावकाश सुकू द्यावी. नवा गिलावा दिवाळीनंतर चढवावा, पातळ थरांनी, आधीचा थर आवळल्यावर पुढचा, आणि मधल्या काळात ओली गोणपाटे टांगून त्याचे कडक उन्हापासून रक्षण करावे. काम मार्चपूर्वी आटोपले, तर पहिल्या पावसाआधी चुन्याला हवा घेण्यास निदान दोन-अडीच महिने मिळतात.