अल्टामाँट : थांबवणारं कुणी नव्हतं

६ डिसेंबर १९६९, शनिवार. उत्तर कॅलिफोर्नियात लिव्हरमोर आणि ट्रेसी या गावांच्या मधल्या उघड्याबोडक्या टेकड्यांत मोटार शर्यतींचं एक मैदान होतं, अल्टामाँट स्पीडवे. त्या दिवशी तिथे सुमारे तीन लाख माणसं जमली. कार्यक्रम फुकट होता आणि शेवटी गाणार होते द रोलिंग स्टोन्स. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला चार महिनेही झाले नव्हते आणि पश्चिम किनाऱ्याला आपलं वुडस्टॉक हवं होतं. दिवस संपेपर्यंत चार माणसं मेली. त्यातल्या एकाला मंचापासून काही पावलांवर, चालू गाण्यात भोसकलं गेलं.

त्या दिवशी मंचावरच्या ध्वनिक्षेपकावरून लोकांना ‘मागे सरका, मंच मोकळा करा’ म्हणून विनवत होता स्टोन्सचा टूर मॅनेजर, सॅम कटलर. पुढे साठी ओलांडल्यावर त्याने आठवणी लिहिल्या, मुलाखती दिल्या. चाळीस वर्षांनीही त्याला विचारलं जायचं ते एकच : हेल्स एंजल्स या मोटारसायकलवाल्या टोळीला कुणी बोलावलं? घटनाक्रम नीट लावला, की दुसरा प्रश्न पुढे येतो. हा कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार नेमका कुणाकडे होता?

नोव्हेंबरअखेर

तीन वर्षांनी अमेरिकेत आलेल्या स्टोन्सच्या दौऱ्याची तिकिटं महाग होती. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चे संगीतसमीक्षक राल्फ ग्लीसन यांनी त्यावरून त्यांना झोडपलं. न्यूयॉर्कच्या पत्रकार परिषदेत मिक जॅगरने सॅन फ्रान्सिस्कोत मोफत कार्यक्रम करणार असल्याचं सांगून टाकलं, तेव्हा हातात परवानगी नव्हती. दौऱ्यावर चित्रपट बनवणाऱ्या मेझल्स बंधूंचा कॅमेरा होताच, त्या चित्रपटाला शेवटही हवा होता. म्हणजे तारीख आधी ठरली आणि जागेचा शोध मागून सुरू झाला.

गोल्डन गेट पार्क ही पहिली पसंती. महापालिकेने परवानगी दिली नाही. मग खाडीच्या उत्तरेचं सीअर्स पॉइंट हे शर्यतीचं मैदान ठरलं आणि तिथे मंच उभारायला सुरुवातही झाली.

याच दिवसांत बिअरचा व्यवहार झाला. ग्रेटफुल डेड या स्थानिक बँडचा मॅनेजर रॉक स्कली, कटलर आणि हेल्स एंजल्सच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेचा पीट नेल यांची बैठक झाली. बागेत होणाऱ्या डेडच्या मोफत कार्यक्रमांना ही मोटारसायकलवाली मंडळी नेहमी असत, जनरेटरपाशी बसत, कुणाला खटकत नसत. स्टोन्सना लंडनचा अनुभव होता. त्याच वर्षीच्या जुलैत हाइड पार्कच्या मोफत कार्यक्रमात ‘हेल्स एंजल्स’ म्हणवणाऱ्या पोरांनी बंदोबस्त ठेवला होता. पण ती नुसती नक्कल होती. कॅलिफोर्नियातले अस्सल होते.

बैठकीत ५०० डॉलरची बिअर ठरली. कशासाठी, ते प्रत्येकाने वेगळं सांगितलं. कटलरच्या मते जनरेटरला कुणी हात लावू नये, एवढ्यापुरतंच. एंजल्सपैकी एकाच्या आठवणीप्रमाणे कटलरला बंदोबस्तच हवा होता आणि आम्ही पोलिसांचं काम करत नाही, असं त्याला साफ सांगितलं गेलं. ओकलंड शाखेचा म्होरक्या सनी बार्जर म्हणायचा, आम्हाला मंचाच्या कडेला बसून बिअर प्यायला आणि कुणाला वर चढू न द्यायला सांगितलं होतं. कागदावर काहीच नव्हतं. पैसे सगळ्या बँडनी वाटून द्यायचे होते. कटलरच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याने एकट्याने भरले आणि कुणी परत केले नाहीत.

गुरुवार, ४ डिसेंबर

सीअर्स पॉइंटची मालकी फिल्मवेज या कंपनीकडे होती. तिने चित्रपटाच्या वितरणाचे हक्क मागितले आणि बोलणी फिसकटली. मेल्विन बेली या नामांकित वकिलाच्या कचेरीत फोनाफोनी सुरू झाली. अल्टामाँटचा चालक डिक कार्टर याने प्रसिद्धीच्या आशेने आपलं मैदान देऊ केलं. ते हेलिकॉप्टरमधून पाहून यायला स्कलीबरोबर वुडस्टॉकचा आयोजक मायकेल लँग होता. स्टोन्स त्या वेळी हजारो किलोमीटर दूर, अलाबामातल्या मसल शोल्समध्ये ‘ब्राउन शुगर’ आणि ‘वाइल्ड हॉर्सेस’ ध्वनिमुद्रित करत होते.

कार्यक्रम पुढे ढकलायचा, तर ती हीच रात्र होती. पण तिकीटच नव्हतं, म्हणून ज्याचे पैसे अडकलेत असा निर्माताही नव्हता. वकील जागा मिळवायला बसला होता, चित्रपटवाल्यांना शेवट हवा होता, डेडच्या माणसांना आपल्या गावची शान राखायची होती. प्रत्येकाकडे एक काम होतं आणि ते पुढे रेटण्यात तो गुंतलेला. रेडिओवर नवी जागा जाहीर झाली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

दीड दिवसात सगळं उचलून आणायचं होतं. मंचाचा प्रमुख चिप माँक याने वुडस्टॉकचा मंच सांभाळला होता. सीअर्स पॉइंटसाठी त्याने जेमतेम एक मीटर उंचीचा मंच केला होता. तिथे हिशेब बरोबर होता, कारण मंच टेकडीच्या माथ्यावर असणार होता आणि उतारामुळे गर्दी आपोआप मागे झुकली असती. अल्टामाँटला तोच मंच उताराच्या पायथ्याशी आला. आता मागून येणारा प्रत्येक धक्का सरळ मंचावर येणार होता. उंची वाढवायला वेळ नव्हता, सामानही नव्हतं. शौचालयं आणि वैद्यकीय तंबू गरजेच्या मानाने फारच थोडे होते.

मध्यरात्र

कुंपणाबाहेर हजारो माणसं शेकोट्या पेटवून बसली होती. जॅगर आणि कीथ रिचर्ड्स जागा पाहायला आले. जॅगर परतला. रिचर्ड्सला वातावरण आवडलं, तो तिथेच राहिला. त्या रात्री तिथे काही बिघडलंय असं कुणाला वाटावं, असं दृश्यच नव्हतं.

शनिवार, सकाळी सातच्या सुमारास

दारं उघडली आणि लोंढा उतारावरून मंचाकडे धावला. महामार्गावर मैलोन्‌मैल गाड्या सोडून लोक चालत येत होते. एलएसडी हातोहात फिरत होतं, त्यातलं बरंचसं भेसळीचं, आणि त्यावर स्वस्त वाइन. पोलीस नावापुरते.

दुपारी बाराच्या सुमारास

सांतानाने सुरुवात केली आणि पहिल्याच बँडच्या वेळी मंचाखाली मारामाऱ्या सुरू झाल्या. एक मीटर उंचीच्या मंचावर कुणीही हात टेकून चढू शकत होतं. चढू द्यायचं नाही, एवढंच एंजल्सना कळलं होतं आणि त्यासाठी त्यांच्या हातात बिलियर्डच्या काठ्या होत्या. त्यांच्या मोटारसायकली मंचापुढेच उभ्या. रेटारेटीत गाडीला धक्का लागला, की पुन्हा मार.

पुढचा बँड जेफर्सन एअरप्लेन. समोर एका माणसाला बडवताना पाहून गायक मार्टी बालिन मध्ये पडला. एका एंजलने त्याला मारून बेशुद्ध केलं. गिटारवादक पॉल कँटनरने ध्वनिक्षेपकावरून एंजल्सचे उपरोधाने आभार मानले, तर एका एंजलने दुसरा ध्वनिक्षेपक घेऊन त्याच्याशी हुज्जत घातली. गायकाला चालू कार्यक्रमात मारलं जातं आणि मारणारेच मंचावरून बोलतात, इथे कार्यक्रम कुणाच्या ताब्यात होता हे उघड झालं. तरीही तो चालूच राहिला.

दुपारी दोन ते चार

फ्लाइंग बरिटो ब्रदर्सच्या वेळी जरा शांतता होती. जॅगर हेलिकॉप्टरमधून उतरला आणि चार पावलं चालतो तोच एका तरुणाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग घाईघाईने गाऊन निघून गेले.

ग्रेटफुल डेडचे वादक आले, तेव्हा सांतानाच्या ड्रमवादकाने त्यांना बालिनची हकीकत सांगितली. ते न वाजवताच परतले. एंजल्सची शिफारस ज्यांच्या गोटातून आली, त्यांनीच पाय काढता घेतला. दिवसभरात स्पष्ट ‘नाही’ म्हटलं गेलं ते एवढंच. पण त्या नकाराने कार्यक्रम संपला नाही, उलट मधलं सत्र रिकामं पडलं. चिडलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या गर्दीला ताटकळण्यापलीकडे काम उरलं नाही.

सूर्यास्त, पाचच्या आत

स्टोन्स मंचावर येत नव्हते. बासवादक बिल वायमनला पोचायला उशीर झाला, हे एक कारण. अंधारात दिवे खुलून दिसावेत म्हणून थांबले, असंही बोललं गेलं. दरम्यान ओकलंडच्या एंजल्सची तुकडी गर्दीतून मोटारसायकली घालत मंचापाशी आली. उजेडात दिसणारी मारामारी आता दिसेनाशी झाली.

अंधार पडल्यावर

तिसऱ्याच गाण्याला, ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’ला, मंचासमोर झुंबड उडाली आणि संगीत थांबलं. जॅगर लोकांना शांत राहायला सांगत होता. रिचर्ड्सने मारामारी थांबत नसेल तर आम्ही वाजवणार नाही, असा दम दिला. कटलर मंच रिकामा करायला सांगत होता. गाणं पुन्हा सुरू झालं.

मग ‘अंडर माय थंब’. बर्कलीचा मेरेडिथ हंटर, अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण, पोपटी सूट घालून आलेला. मंचाजवळ एंजल्सशी त्याची झटापट झाली, त्याला मारलं, पिटाळलं. तो परतला तेव्हा त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं. अ‍ॅलन पासारो या एंजलने त्याला सुऱ्याने भोसकलं. मंचावरून डॉक्टरसाठी हाका गेल्या. हंटर तिथेच गेला.

स्टोन्सना मृत्यूची कल्पना नव्हती. आता थांबलो तर दंगल पेटेल, या भीतीने ते वाजवत राहिले. नुकतंच ध्वनिमुद्रित केलेलं ‘ब्राउन शुगर’ लोकांपुढे पहिल्यांदा वाजलं ते इथे. दुपारी थांबवलं असतं तर माणसं चिडली असती. रात्री थांबवणं जिवावरचं झालं होतं.

रात्र

क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबून हेलिकॉप्टर उडालं. मैदानात शेकोट्या जळत होत्या. पळून गेलेल्या एका मोटारीने दोघांना चिरडलं आणि एक जण कालव्यात बुडाला.

नंतर

बँड देशाबाहेर गेला, कटलर कॅलिफोर्नियात मागे राहिला आणि काही काळाने ग्रेटफुल डेडचा टूर मॅनेजर झाला. ‘गिमी शेल्टर’ हा चित्रपट १९७० मध्ये आला. त्यातल्या चित्रणात हंटरचं रिव्हॉल्व्हर दिसतं. तोच पुरावा ग्राह्य धरून १९७१च्या जानेवारीत ज्यूरीने पासारोला स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सोडलं. हंटरच्या कुटुंबाला स्टोन्सकडून तडजोडीचे १०,००० डॉलर मिळाले.

एंजल्सना कुणी बोलावलं, हा वाद सोयीचा आहे, कारण त्यात बोट दाखवायला एक नाव मिळतं. कटलरने बिअरचे पैसे भरले हे तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे त्याचं नाव सुटत नाही आणि सुटूही नये. पण पाचशे डॉलरची बिअर नसती, तरी मंच एक मीटरचाच असता, तोही उताराच्या पायथ्याशी, आणि तीन लाखांची गर्दी त्याच्यावर रेलली असती. तिकीट विकलं की माणसं मोजावी लागतात, विमा काढावा लागतो, कुणाच्या तरी नावावर परवाना निघतो आणि त्या माणसाला ‘बंद करा’ म्हणण्याचा हक्क मिळतो. ‘फुकट’ या शब्दाच्या मोहात हे सगळं गळून पडलं आणि उरला तो बारभाईंचा कारभार. कटलरच्या हाती ध्वनिक्षेपक होता, पण त्यावरून विनवण्या तेवढ्या करता येत होत्या. हुकूम द्यायचा, तर तो ऐकणारा एकही माणूस त्याच्या हाताखाली नव्हता, आणि ज्यांच्या हातात काठ्या होत्या त्यांनी कुणाचं ऐकायचं, हे ठरलेलंच नव्हतं.