परभूमीतील कृषिगुरू : डॉ. पांडुरंग खानखोजे

पुनावळ्याच्या शिवेवरून पवनामाई आजही वाहते. परंतु तिच्या काठच्या ज्या शेतांवर आपल्या वाडवडिलांनी संसार उभे केले, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. हिंजवडीच्या संगणक-उद्योगाने आपल्या घरांतील मुलामुलींना परदेशाचा मार्ग सुलभ केला. त्यांपैकी कोणी जेव्हा रजा घेऊन, पदरचे खर्चून, एखाद्या दूर देशीच्या खेड्यातील शाळेत शिकवावयास जाण्याचा मनोदय बोलून दाखवतो, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी सहज विचारतात, “अरे, परक्यांच्या मुलांना शिकवून आपल्याला काय मिळणार?” प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे. ते एका महाराष्ट्रीय पुरुषाच्या चरित्रात सापडते.

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे मूळचे वर्ध्याचे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, देश स्वतंत्र करण्याच्या ध्यासाने ते तरुणपणीच घराबाहेर पडले आणि अमेरिकेत पोहोचले. तेथे त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१३ च्या सुमारास उदयास आलेल्या गदर चळवळीच्या उभारणीत पुढाकार घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढण्यासाठी ते इराणपर्यंत गेले. तो प्रयत्न फसला आणि मायदेशाचे दार त्यांना बंद झाले. अखेर १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिकोचा आश्रय घेतला. एका हाती शस्त्र धरू पाहणाऱ्या या पुरुषाच्या दुसऱ्या हाती जी विद्या होती, तीच पुढे त्यांचा आधार झाली.

मेक्सिकोत १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीने कसणाऱ्याला जमीन मिळाली पाहिजे ही मागणी पुढे आणली होती. पण नुसती जमीन हाती येऊन घरात धान्य येत नाही. बियाणे कोणते घ्यावे, मातीचा कस कसा राखावा, हेही कळावे लागते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झालेल्या खानखोज्यांनी हे ओळखले. विद्यालयाच्या भिंतींत कोंडलेली विद्या खेड्यात नेण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह शेतकऱ्यांकरिता मुक्त कृषिशाळा काढल्या. तेथे शुल्क नव्हते. शेतकऱ्यांचा लढवय्या पुढारी एमिलियानो झपाता १९१९ मध्ये मारला गेला होता. त्याचे नाव अशा शाळेला देण्यात आले. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी या कार्यास पाठबळ दिले आणि छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी खानखोज्यांच्या मक्यावरील प्रयोगांची छायाचित्रे घेतली. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरांनी रंगविलेल्या एका चित्रात भाकरी वाटणारा जो पुरुष दिसतो, तो खानखोजेच असे मानले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मका हे मेक्सिकोचे मूळ धान्य; सहस्रावधी वर्षे तेथील माणसाने ते जोपासले. त्या लोकांना मक्याविषयी शिकवावयास जाणे म्हणजे सुताराला रंधा धरावयास शिकवण्यासारखेच! म्हणून खानखोजे प्रथम विद्यार्थी झाले. त्यांनी शिकवण्यासाठी त्यांची भाषा आपलीशी केली, तेथील रानात उगवणाऱ्या तेओसिंते या मक्याच्या पूर्वजाचा अभ्यास केला, त्याचा मक्याशी संकर करण्याचे प्रयोग केले, आणि थंडी व अवर्षण सोसणाऱ्या वाणांच्या मागे लागले. जे लोकांचेच होते, ते अधिक सकस करून लोकांच्याच पदरात घातले. पाहुणा शिक्षक आणि उपकारकर्ता यांतील भेद तो हाच.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ते भारतात येऊन गेले, १९५५ मध्ये परतून नागपुरास स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणाच्या ओठी राहिले नाही. पण २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण भारताच्या लोकसभाध्यक्षांच्या हस्ते झाले. परक्यांनी जपलेली आठवण आपल्या घरी अशी उशिरा पोहोचली.

वाचकहो, आता त्या प्रश्नाकडे वळू. “आपल्याला काय मिळणार?” मेक्सिकोच्या शेतकऱ्याजवळ जमीन आली होती, विद्या यावयाची होती. आपल्याकडे विद्या आली, पण जमीन हातची गेली, आणि तिच्याबरोबर पेरणी, मळणी, बियाणे राखणे हे पिढीजात ज्ञानही चालले आहे. आपला मुलगा वा मुलगी परदेशच्या खेड्यात जाऊन फळ्यावर गणित शिकवील, तेव्हा तेथील म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ बसून मातीची गोष्ट ऐकावयासही शिकेल. आणि परतल्यावर कदाचित प्रथमच आपल्या आजोबांजवळ बसून तीच गोष्ट विचारील. हा लाभ थोडा नव्हे.

आपल्या ज्ञातीची शिक्षणाची धडपड ज्यांनी सुरू केली, त्यांनी आपली मुले दुसऱ्यांनी उघडलेल्या शाळांतही बसविली होती. ते ऋण ज्ञातीतल्या ज्ञातीत फिटणारे नाही. तेव्हा घरातील कोणी उद्या पिशवी भरून निघाला, तर त्याला अडवू नये, एवढेच बजावावे, “बाळ, शिकवण्याआधी शिकून घे.”