कडेवरचं ओझं

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात कारखान्यातून आलेली चाकं काढून टाकली. त्यांच्या जागी मोठी, रुंद, चकचकीत 'अलॉय' चाकं बसवली. गाडी देखणी दिसायला लागली, यात शंका नाही. चार महिन्यांनी मात्र स्वारी तक्रार घेऊन माझ्याकडे आली. ''मामा, अ‍ॅव्हरेज पडलंय. चढावरही गाडी पूर्वीसारखी उचलत नाही. इंजिनात काही बिघाड असेल का?'' इंजिन ठणठणीत होतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला शंभर वर्षं मागे जावं लागलं, कारण चाक केवढं असावं हा वाद जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे.

मोठ्या चाकाचा पहिला कैवारी म्हणजे खराब रस्ता. आपल्या बैलगाडीचं चाक एवढं उंच का, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. लहान चाक खड्ड्यात उतरून अडकतं, मोठं चाक तोच खड्डा सहज ओलांडतं. हेन्री फोर्डने १९०८ साली 'मॉडेल टी' बाजारात आणली, तेव्हा अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतले रस्ते म्हणजे चिखल आणि चाकोऱ्या. म्हणून तिची चाकं टायरसकट ३० इंच उंच होती. आरे लाकडी आणि टायर जेमतेम तीन-साडेतीन इंच रुंद. बैलगाडीच्या चाकाचंच भावंड म्हणा ना! इंजिनाची ताकद होती २० अश्वशक्ती. चाक उंच, पण अरुंद, हे जरा ध्यानात ठेवा.

पुढे रस्ते सुधारले. १९२३च्या सुमारास कमी दाबाच्या हवेचे फुगीर टायर आले आणि धक्के सोसण्याचं काम टायरमधल्या हवेने आणखी उचललं. चाकाला उंच राहण्याची गरज उरली नाही. रिम हळूहळू लहान होत गेली.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये एतोरे बुगाटी वेगळ्याच विचारात होता. १९२४ साली लिऑनच्या ग्रांप्री शर्यतीत त्याने 'टाइप ३५' ही गाडी उतरवली. तिची चाकं अ‍ॅल्युमिनियमची ओतीव होती आणि ब्रेकचा ड्रम चाकातच घडवलेला होता. त्या दिवशी टायरांनी दगा दिला आणि शर्यत हातची गेली. पण सिसिलीतली 'टार्गा फ्लोरिओ' ही डोंगरवाटांची शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं बुगाटीच्या गाड्यांनी जिंकली. अ‍ॅल्युमिनियमचं चाक शर्यतीत आलं ते वजन कमी करण्यासाठी, शोभेसाठी नव्हे. आज गंमत अशी, की हौसेने बसवलेलं मोठं अलॉय चाक पुष्कळदा मूळच्या लहान पोलादी चाकापेक्षा जड भरतं!

बुगाटी चाकाच्याच वजनामागे का लागला? डिकीत ठेवलेलं एक किलो सामान गाडीबरोबर फक्त पुढे जातं. चाकाच्या कडेवरचं एक किलो पुढेही जातं आणि गरगर फिरतही राहतं. इंजिनाला दोन्ही कामं करावी लागतात. गणित मांडलं, तर वेग घेताना अगदी कडेवरचं एक किलो हे गाडीतल्या दोन किलोंएवढं पडतं. सिग्नलला ब्रेक लावला, की त्यात घातलेली सगळी शक्ती उष्णता होऊन उडून जाते. सिग्नल सुटला, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जड चाकाचा फटका शहरात जास्त बसतो, एका वेगाने चाललेल्या हमरस्त्यावर कमी. तिथे दुसरा शत्रू असतो, रुंद टायर. तो वारा अडवतो.

लहान चाकाचा सगळ्यात धीट प्रयोग इंग्लंडात झाला. १९५६च्या सुएझ संकटात तिथे पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि थोड्या तेलात चालणाऱ्या छोट्या गाडीची निकड भासली. अ‍ॅलेक इसिगोनिसने १९५९ साली 'मिनी' उभी केली. तिची लांबी १० फूट आणि चाकं फक्त १० इंची! चाकांनी जागा अडवली नाही, म्हणून एवढ्याशा गाडीत चार माणसं बसली. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. लहान चाकाला फेऱ्या जास्त, म्हणून टायर लवकर झिजणार आणि खड्डाही जास्त जाणवणार.

आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली, ती १२ इंची चाकांवर. १५ इंची चाकांच्या अ‍ॅम्बॅसडरची सवय झालेली आमची पिढी त्या चाकांना 'खेळण्यातली' म्हणून हसली होती. त्याच खेळण्यातल्या चाकांवर ७९६ सीसीचं इंजिन चार माणसांना घेऊन घाट चढत होतं. हलकी गाडी आणि हलकं चाक, हे त्यातलं इंगित.

आता भाच्याकडे येऊ. अमेरिकेतल्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने २०१० साली एकाच फोक्सवॅगन गोल्फला १५ इंचांपासून १९ इंचांपर्यंतची चाकं आळीपाळीने लावून पाहिली. सर्वांत मोठ्या चाकांवर मायलेज सुमारे १० टक्क्यांनी घटलं आणि वेग घेण्याची क्षमता सुमारे ४ टक्क्यांनी. त्यांनी टायर पातळ घेऊन बाहेरचा घेर जवळजवळ तोच ठेवला होता. भाच्याने तेही केलं नव्हतं. त्यामुळे चाक एका फेरीत जास्त अंतर तोडतं, पण जमिनीवरचा रेटा कमी होतो, जणू गाडी कायम थोड्या वरच्या गिअरमध्ये आहे. चढावर ती कुंथते ती म्हणूनच. शिवाय मीटर फेऱ्या मोजतो, किलोमीटर नव्हे. घेर ५ टक्के वाढला, तर १०० किलोमीटर गेल्यावर मीटर सुमारे ९५ दाखवतो. म्हणजे पडलेल्या अ‍ॅव्हरेजमधला काही भाग नुसता कागदावरचा. तो ऐकून भाच्याला जरा बरं वाटलं. पण मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६३ने पळत असते, हे सांगितल्यावर पुन्हा चेहरा उतरला.

मोठं चाक मुळातच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१३ साली बीएमडब्ल्यूने 'आय-थ्री' ही विजेवरची गाडी आणली, ती १९ इंची चाकांवर. पण तिच्या टायरची रुंदी होती १५५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ छोट्या मारुतीएवढी. उंच आणि अरुंद चाक कमी अडखळत फिरतं आणि वाराही कमी अडवतं. फोर्डचं ते जुनं चाक आठवलं ना?

भाच्याची मूळ चाकं माझ्या बहिणीच्या घरी माळ्यावर पडून आहेत. त्यातलं एक आणि नव्यातलं एक भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहू, असं मी सुचवलंय. तो अजून तयार झालेला नाही.