105 दिवस मागे

बोटांवर मोजू नका, चुकाल. 14 नोव्हेंबर 2021 पासून तुम्ही उलटे चालला आहात. तुळशीच्या लग्नाच्या तयारीची गडबड मागे पडते, मग दिवाळी, मग घटस्थापना, मग मिरवणुकीशिवाय पार पडलेला गणेशोत्सव. 105 दिवस भरतात तेव्हा पाय टेकतात ऑगस्टच्या पहिल्या तारखेला, भर आषाढात, भायखळ्याच्या राणीबागेत.

बाग बंद आहे. कोरोनामुळे फाटकाला कुलूप, आत चिटपाखरू नाही असं म्हणायचीही सोय नाही, कारण झाडांवर पाखरंच पाखरं आहेत. पाऊस थांबून थांबून पडतोय. वाघांच्या आवाराजवळ आलात की आधी वास येतो, आणि तुम्ही चक्रावता. हा तर शिजत्या आंबेमोहोराचा! दचकू नका. वाघीण झाडाच्या बुंध्यावर जो फवारा मारते, त्यात सुवासिक तांदळात असतं तेच एक रसायन असतं. कोकणी माणसाला भूक लागावी असा तो वास वाघाला मात्र पुरतं टपालच असतो: मी इथे आहे, आणि माजावर आले आहे.

ही करिष्मा. पलीकडे शक्ती. फेब्रुवारी 2020 मध्ये दोघं तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून इथे आले. शक्ती बुंध्याशी नाक नेतो, वरचा ओठ मुरडतो, दात दिसतात. तुम्हाला वाटतं गुरगुरणार. तो वास ‘वाचतोय’. टाळूत एक खास इंद्रिय असतं, ओठ असा उचलला की गंध तिथवर पोचतो. मग तो नाकातून फुर्रर्र करतो. वाघांच्या बोलीत याचा अर्थ ‘भांडायला आलो नाही’. दोनशे किलोच्या जनावराला हे आधी सांगावं लागतं, कारण समोरचीलाही नख्या आहेत.

ती लगेच वळत नाही. येते, अंग घासते, निघून जाते. जमिनीवर लोळते, तो जवळ आला की फिस्कारते. हे बराच वेळ चालतं आणि तुम्ही घड्याळ बघता. बघू नका. इथलं घड्याळ तिच्याकडे आहे. शेवटी ती पोटावर बसते, शेपूट बाजूला घेते. तो वर येतो, मानेची कातडी दातांत धरतो. सगळं काही सेकंदांत आटपतं. त्याची डरकाळी, तिचा चिरका आवाज, आणि त्याच क्षणी ती गर्रकन उलटून पंजा हाणते. तो उडी मारून बाजूला होतो. त्याला ठाऊक आहे.

पंजा का? नराच्या इंद्रियावर मागे वळलेले बारीक काटे असतात, बाहेर पडताना ते टोचतात. पण निसर्गाचा हिशेब त्या टोचण्यातच आहे. बाईच्या शरीरात महिन्याला एक अंडं आपोआप सुटतं, वाघिणीचं मात्र सहसा समागमाच्या त्या धक्क्यानेच. एकदा होऊन भागत नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा त्याच्यापाशी येते, पुन्हा फिस्कारते, पुन्हा बसते. दिवसभरात कित्येकदा, असे काही दिवस. मग एका सकाळी ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. संपलं.

बाग बंद होती म्हणून जुळलं, असं म्हणायचा मोह मलाही होतो. गर्दी नाही, शिट्ट्या नाहीत, काचेवर टकटक नाही. पण कुलपाखेरीज माझ्याकडे पुरावा नाही, आणि भायखळ्यात राहणारा वाघ गोंगाटाला भीत असेल असंही वाटत नाही. 105 दिवसांनी, बालदिनी, जेमतेम किलोभराचं, डोळे मिटलेलं पिल्लू जन्माला आलं. तेव्हा शक्ती वेगळा ठेवलेला असतो, वाघाच्या बापपणात पाळणा हलवणं बसत नाही. जानेवारीत महापालिकेने बछडीचं बारसं केलं: वीरा.

आणखी मागे चला. मे 1982.

तुम्ही सात वर्षांचे आहात आणि आईचं बोट धरलंय. चिंचपोकळीहून चालत आलात, बसचे पैसे वाचवून. बाबाही बरोबर आहेत, भर कामाच्या दिवशी, कारण 18 जानेवारीपासून संपामुळे गिरण्या बंद आहेत. भोंगा वाजत नाही, त्यामुळे सकाळ कधी होते ते चाळीत कुणाला नीट कळत नाही. हरणांच्या कुंपणापाशी गर्दी आहे. चितळाचा एक मोठा नर, शिंगं कडक वाळलेली, मान फुगलेली, घोगऱ्या आवाजात ओरडतोय. त्याचा हा उन्हाळ्याचाच हंगाम. तो मादीच्या मागे जातो, मूत हुंगतो, ओठ मुरडतो.

“हसतोय तो!” तुम्ही ओरडता.

मादी चार पावलं पुढे जाते. तो चार पावलं. ती वळते, तो वळतो. कुंपणाला तीन फेऱ्या होतात. मग ती थांबते आणि तो तिच्यावर चढतो. आईचा हात तुमच्या डोळ्यांवर येतो, बोटांत थोडी फट ठेवून.

“काय करतायत?”

“भांडतायत. चल, हत्ती बघायचाय ना?”

बाबा तिसरीकडे बघत विडी पेटवतात. त्यांच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा हसू फुटतंय. लालबाग-परळच्या किती पिढ्यांचं लैंगिक शिक्षण या कुंपणापाशी सुरू झालं आणि ‘भांडतायत’ या एका शब्दावर संपलं, त्याची गणती नाही.

त्याच आवारात, 15 सप्टेंबर 1883. कारंज्यावरून पुढे, म्युझियमच्या इमारतीत आठ माणसं जमली आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी इथे जन्मते. सहा युरोपियन, दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि गिरगावचे डॉ. सखाराम अर्जुन. त्या काळात वाघाची ओळख बहुधा बंदुकीच्या नळीतून व्हायची, लांबी नाकापासून शेपटीपर्यंत मोजून. माजावरच्या वाघिणीपाशी दिवसचे दिवस बसून राहणारा निरीक्षक अजून यायचा होता.

तुम्ही सखाराम अर्जुनांकडे बघत राहता, कारण तुम्हाला पुढचं माहीत आहे. त्यांच्या घरात रखमाबाई आहे, त्यांची सावत्र मुलगी. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नांदायला गेलेली नाही. पुढच्याच वर्षी नवरा कोर्टात जाईल. 1887 मध्ये हायकोर्ट सांगेल, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणेल, तुरुंग. जनावराची आणि माणसाची तुलना करू नये, हे मलाही कळतं. पण आत्ताच तुम्ही करिष्माचा पंजा बघून आला आहात.

शेवटचा टप्पा, 1822. आता बाग नाही, म्युझियम नाही. मलबार हिलच्या पायथ्याशी गोवालिया टँक, पुढे ज्याचं ऑगस्ट क्रांती मैदान होईल. गवळ्यांची गुरं इथे पाण्यावर येतात. याच वर्षी या टेकडीवर वाघ दिसल्याची आणि तो या तळ्यावर पाणी पिऊन गेल्याची नोंद आहे. तो नव्हे, ती असं धरून चला.

ती पाणी पिते. साष्टीचं जंगल मागे राहिलं आहे. टेकडीच्या उतारावर एका झाडाशी ती पाठ करते, शेपूट उभी करून फवारा मारते, आणि तुमच्या नाकात पुन्हा तोच आंबेमोहोर. मग मान खाली घालून ती हाक देते. ती डरकाळी दोन-तीन किलोमीटर जाते. गिरगावच्या वाड्यांत गुरं दावणीला ओढ देतात, कुणीतरी दाराला अडणा लावतं. ती कान टवकारून थांबते. समुद्राची गाज, कोल्ह्यांची कुई, दूर एक कुत्रं.

ती पुन्हा हाक देते.