अर्जातील माहितीचे कूटलेखन : कुलूप कुठे लागते याचा इतिहास

बनशंकरीतल्या आमच्या वर्गात वेब तंत्रज्ञानाचे प्रकल्प तपासताना मी एक प्रश्न हमखास विचारते : अर्जात भरलेली माहिती सुरक्षित कशी ठेवली? उत्तर ठरलेले असते, "मॅडम, एचटीटीपीएस लावलंय." एका गटाने रक्तदान शिबिराच्या नोंदणीसाठी अर्ज केला होता. नाव, पत्ता, फोन, रक्तगट, जुने आजार. एचटीटीपीएस होते. पण जमलेली यादी साध्या एक्सेल फाइलमध्ये पाच जणांच्या मोबाइलवर फिरत होती. उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते.

म्हणून या टिपणात आपण कूटलेखनाचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा, इतिहास तीन प्रश्न हाती धरून पाहू. कुलूप कुठे लागते? किल्ली कोणाकडे असते? आणि कुलूप उघडल्यावर माहिती कुठे जाते?

१. वाटेवरचे कुलूप

विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एचटीएमएल २.० हे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि त्यात वेबपानावरच्या अर्जाला अधिकृत जागा मिळाली. तेव्हाचा अर्ज पोस्टकार्डासारखा होता. तो ज्या ज्या यंत्रातून पुढे जाई, तिथे वाचता येई.

यावर उपाय म्हणून नेटस्केप कंपनीने १९९५ मध्येच एसएसएल आणले. १९९९ मध्ये त्यातून टीएलएस हे प्रमाण तयार झाले. पोस्टकार्डाला पाकीट मिळाले. पण प्रमाणपत्राला पैसे पडत, त्यामुळे हे पाकीट बराच काळ मुख्यतः बँका आणि दुकानदार वापरत राहिले. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे सर्वांसाठी खुली झाली. ऑक्टोबर २०१७ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी पानावरील अर्जात अक्षरे भरताच 'सुरक्षित नाही' असे दाखवू लागला. आज आपण एचटीटीपीएस गृहीत धरतो, त्यामागे एवढी वीसेक वर्षे आहेत.

मात्र हे पाकीट सर्व्हरच्या दारात फुटते. पुढे आत काय होते, याच्याशी टीएलएसचा संबंध नाही.

२. टेंभली : भरल्या जागी कुलूप

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. आपल्या विषयासाठी या घटनेचे महत्त्व वेगळे आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळे आणि छायाचित्र ही माहिती संगणकावरच्या अर्जात भरली जाणार होती. अनेक गावांत इंटरनेट नव्हते, त्यामुळे ती संगणकात साठवून नंतर पाठवावी लागे. वाटेवरचे कुलूप इथे पुरणारे नव्हते, कारण वाटेला लागण्याआधीच माहिती दिवसेंदिवस पडून राहू शकत होती.

म्हणून कुलूप नोंदणीच्या जागीच लावायचे ठरले. नोंदणीचे सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या माहितीचे एक कुलूपबंद पाकीट बनवी. यासाठी २०४८ बिटांची सार्वजनिक किल्ली वापरली. डिफी आणि हेलमन यांनी ही कल्पना १९७६ मध्ये मांडली, आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिला आरएसए हे प्रत्यक्ष रूप दिले. टपालपेटी आठवा. पत्र कोणीही टाकू शकतो, पण काढण्याची किल्ली टपाल खात्याकडेच. नोंदणी करणाऱ्या संगणकाकडे फक्त बंद करणारी किल्ली होती. उघडणारी खासगी किल्ली आधार प्राधिकरणाच्या केंद्रात.

येथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात ठेवा. २०४८ बिट म्हणजे २५६ बाइट, आणि आरएसएच्या प्रचलित पद्धतीत एका वेळी जेमतेम २४५ बाइट बंद करता येतात. एक छायाचित्रही त्यात मावणार नाही. म्हणून अशा ठिकाणी मोठी माहिती एईएससारख्या जलद पद्धतीने बंद करतात आणि एईएसची छोटी किल्ली तेवढी आरएसएने बंद करतात. या जोडपद्धतीला संकरित कूटलेखन म्हणतात.

३. उघडल्यानंतर

मे २०१७ मध्ये बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. निवृत्तिवेतन, रोजगार हमी अशा योजनांच्या चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून सुमारे १३ कोटींहून अधिक आधार क्रमांक उघडे दिसत असल्याचा अंदाज त्यात होता. अनेकांचे बँक खाते क्रमांकही सोबत होते. कोणी २०४८ बिटांचे कुलूप फोडले नव्हते. योजनांच्या कार्यालयांनी लाभार्थींचे क्रमांक आपापल्या याद्यांत लिहिले होते आणि त्या याद्या संकेतस्थळावर ठेवल्या होत्या. आमच्या रक्तदानाच्या एक्सेल फाइलचीच ही मोठी बहीण.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात महान्यायवादींनी सांगितले की माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींआड आहे. भिंत केंद्राभोवती होती. याद्या बाहेर होत्या.

जुलै २०१७ मध्ये प्राधिकरणाने वेगळा उपाय काढला. आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी तो एका स्वतंत्र कूटबद्ध तिजोरीत ठेवावा, किल्ल्या वेगळ्या सुरक्षित उपकरणात ठेवाव्यात, आणि इतर सर्व तक्त्यांत क्रमांकाऐवजी निरर्थक संदर्भ अंक वापरावा. तक्ता बाहेर गेला तरी हाती फक्त संदर्भ अंक लागतो.

४. कायदा

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. २०२५ च्या नियमांत कूटलेखनाचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि कारण संपल्यावर माहिती पुसून टाकणे हेही कर्तव्य ठरले आहे. पुसलेली माहिती चोरीला जात नाही. तिला कुलूपही लागत नाही.

समारोप

अर्ज भरणाऱ्याला कुलूप दिसत नाही. टेंभलीतल्या बाईने २०४८ बिट तपासावेत अशी अपेक्षाच नाही. ती विश्वासाने बोट ठेवते, आणि त्या विश्वासाचा हिशेब आपण, अर्ज बांधणाऱ्यांनी, द्यायचा असतो. आमच्या गटाने शेवटी फाइल पुसली, आजारांचा रकाना काढला आणि उरलेली माहिती कूटबद्ध तक्त्यात ठेवली. सर्वांत मोठी सुधारणा त्या काढलेल्या रकान्याने झाली.

सरावासाठी प्रश्न

१. टीएलएस असूनही अर्जातील माहिती कोणकोणत्या टप्प्यांवर उघडी राहू शकते?
२. संकरित कूटलेखन का लागते? २४५ बाइटांच्या मर्यादेच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या प्रकल्पातील अर्जाचा प्रत्येक रकाना का हवा आहे ते एका वाक्यात लिहा. वाक्य सुचले नाही तो रकाना काढा.