रेसमो का थांबली आणि तिच्या जागी काय आले

७ मार्च २०१७ रोजी जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात टाटा मोटर्सने एक छोटी दोन आसनी गाडी उभी केली. नाव रेसमो. इंजिन चालकाच्या पाठीमागे, दारे पंखासारखी वर उघडणारी, लांबी चार मीटरच्या आत. १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून १९० पीएस ताकद, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा होता. पुढच्याच महिन्यात याच कंपनीला भारतीय सैन्याकडून ३,१९२ सफारी स्टॉर्म गाड्यांचे कंत्राट मिळाले. आज हिरव्या रंगाची स्टॉर्म छावण्यांमध्ये सर्रास दिसते. रेसमो मात्र विक्रीला कधी आलीच नाही.

सध्या मी तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडूला आहे. आमचा चालक कोइमतूरचा आहे. परवा बोलता बोलता त्याने विचारले, "साहेब, ही कंपनी खरंच रेसची गाडी बनवणार होती?" उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून हा लेख.

टाटांचे हे पहिले स्वप्न नव्हते. २००० साली जिनिव्हातच त्यांनी आरिया रोडस्टर दाखवली होती, आणि २००१ मध्ये आरिया कूपे. दोन्ही देखण्या, दोन्ही प्रदर्शनापुरत्याच राहिल्या. पण नाव वाया गेले नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये आरिया बाजारात आली ती कुटुंबासाठी, सात माणसे बसवणारी गाडी होऊन. तीही फारशी चालली नाही. तिच्या सांगाड्यावर पुढे हेक्सा उभी राहिली आणि जानेवारी २०१७ मध्ये विक्रीला आली. वेगवान गाडीचे नाव घराला मिळाले आणि त्या घराचा पाया पुढच्या घराला. वाहन उद्योगात असे बऱ्याचदा होते.

रेसमो का थांबली? २०१७ च्या सुरुवातीला टाटांचा प्रवासी गाड्यांचा व्यवसाय तोट्यात होता. व्यवस्थापकीय संचालक ग्युंटर बुचेक यांनी ठरवले, की सहा वेगवेगळ्या मूळ सांगाड्यांऐवजी दोनच ठेवायचे. जितके सांगाडे, तितके साचे, तितक्या चाचण्या, तितके सुट्या भागांचे साठे. ज्याने एमटीचा कारभार पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच ताफ्यात चार प्रकारच्या गाड्या असल्या, की स्टोअरमध्ये सगळे असूनही नेमका हवा तो भाग नसतो.

रेसमो मात्र या दोहोंत बसत नव्हती. तिचा मोफ्लेक्स हा सांगाडा वेगळा, तिच्यासाठी टॅमो नावाची शाखाही वेगळी, आणि ती विकली जाणार थोडक्या संख्येने. तोटा भरून काढण्याच्या काळात अशी गाडी ताळेबंदात टिकणे अवघड होते. २०१७ मध्येच टॅमोचे काम थांबवण्यात आले आणि रेसमोचा प्रकल्प गुंडाळला गेला.

फेब्रुवारी २०१८ च्या ऑटो एक्स्पोत टाटांनी दोन नव्या संकल्पना-गाड्या मांडल्या, एच५एक्स आणि ४५एक्स. पहिली जानेवारी २०१९ मध्ये हॅरियर झाली. दुसरी जानेवारी २०२० मध्ये अल्ट्रोझ झाली, आणि तिला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. दोन सांगाडे, दोन गाड्या, आणि दोन्ही पुण्याच्या.

मग वेगाचे काय झाले? इथे आमच्या चालकाचे गाव येते. कोइमतूरच्या जयम ऑटोमोटिव्ह्जबरोबर टाटांनी भागीदारी केली होती. त्यातून ऑक्टोबर २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी आल्या. इंजिन तेच १.२ लिटर टर्बो पेट्रोल, ताकद ११४ पीएस. दिसायला बाजारातल्या साध्या गाड्या, पण पॅडल दाबले की स्वभाव कळायचा. २०२० मध्ये बीएस-६ चे निकष आले आणि त्याही बंद झाल्या. जून २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर आली, १२० पीएसची. म्हणजे १९० चे स्वप्न सात वर्षांनी १२० वर येऊन विक्रीच्या दालनात पोहोचले. पण ही गाडी पाच जणांना घेऊन जाते, आणि दुरुस्तीसाठी वेगळ्या कारागिराकडे न्यावी लागत नाही.

सैन्याची स्टॉर्म याच काळात दुसऱ्या परीक्षेला बसली होती. जिप्सीच्या जागी आठशे किलो भार वाहणारी, टणक छताची, वातानुकूलित गाडी हवी होती. महिंद्रची स्कॉर्पिओही चाचणीत होती. दोन्ही उत्तीर्ण झाल्या आणि कमी किमतीवर स्टॉर्मची निवड झाली. या परीक्षेत सेकंद मोजत नाहीत. थंडीत पहाटे पहिल्या चावीला चालू होते का, वाळूत रुतली तर निघते का, साध्या युनिटच्या मेकॅनिकला उघडता येते का, हे पाहतात.

तरीही मी रेसमोला चूक म्हणणार नाही. पाय रोवायला स्टॉर्म लागते हे खरे, पण आपल्या अभियंत्यांच्या हाताला नवे वळण लागते ते अशाच न झालेल्या गाड्यांवर. माझी तक्रार एवढीच, की थांबवलेल्या कामाची नोंद आपण नीट ठेवत नाही. काय जमले, काय जमले नाही, पैसा कुठे अडला, हे पुढच्या पिढीला लेखी मिळायला हवे.

ओरत्तनाडूत दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले अन्नछत्र आहे. १७९९ च्या तहात राजांचा मुलुखाचा कारभार इंग्रजांकडे गेला. सेना चालवणे, मुलूख राखणे हे पुढे त्यांच्या हातात राहिले नाही. जे राहिले त्यातून त्यांनी अन्नछत्रे चालवली, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, आणि भोसले घराण्याचा इतिहास मराठीत तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतला. गेलेल्याची नोंद आणि उरलेल्याचा उपयोग, ही दोन्ही कामे त्यांनी केली.

निवृत्त मंडळींपैकी अनेकांनी वाहनांच्या, तोफांच्या, संचांच्या चाचण्या घेतल्या आहेत. त्यांतल्या नापास झालेल्यांच्या गोष्टी तुमच्याजवळच आहेत. त्या लिहून ठेवा.

जय हिंद.