कंट्रोल गटातल्या कॅनरी

प्रौढ मेंदूत नवे न्यूरॉन तयार होत नाहीत, असं पाठ्यपुस्तकं एके काळी ठामपणे सांगायची. १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांत असे न्यूरॉन दाखवले. १९६५ चा पेपर तर गोपाल दास यांच्यासोबतचा. पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

फर्नांडो नोटेबोम यांचा प्रश्न मात्र वेगळाच होता: नर कॅनरी दरवर्षी नवं गाणं शिकतो, तेव्हा त्याच्या मेंदूत काय बदलतं? नर हार्मोन दिलं की मादीही गाते. म्हणून १९८३ मध्ये त्यांनी आणि स्टीव्हन गोल्डमन यांनी प्रौढ माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं आणि किरणोत्सारी थायमिडीन टोचलं. नव्या पेशींच्या डीएनएत ते जाऊन बसतं. गाण्याच्या केंद्रात नवे न्यूरॉन सापडले. आणि गंमत बघा, हार्मोन न दिलेल्या कंट्रोल गटातही! तुमच्या कंट्रोलमध्ये असं काही दिसलं, तर लगेच ‘प्रयोग फसला’ म्हणू नका.

तरी १९८५ मध्ये पास्को राकिच यांना प्रौढ ऱ्हीसस माकडांत नवे न्यूरॉन दिसले नाहीत. पक्ष्याचं माणसाला कसं लागू करणार? रास्त शंका. १९९८ मध्ये एरिक्सन, गेज आणि सहकाऱ्यांनी मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये ते दाखवले. २०१८ मध्ये महिन्याभरात दोन पेपर आले: एक म्हणतो प्रौढ माणसात ते सापडत नाहीत, दुसरा म्हणतो म्हातारपणीही तयार होतात. दोन्ही शेजारी ठेवून आधी ‘मेथड्स’ वाचा.